नदी तोंडपाठ असलेले मामा

दूधगंगेचं पाणी सोडणारं खातं वेगळं, त्याचे साहेब वेगळे, धरण तर दुसऱ्याच राज्यात. तरीही आमच्या आक्काच्या सासऱ्यांनी मान हलवल्याशिवाय ती नदी जागची हलत नाही, अशी त्यांच्या गावातल्या निम्म्या लोकांची समजूत आहे आणि त्यांची स्वतःची तर खात्रीच आहे. आक्का त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणतो. गाव बोरगावच्या जवळ, नदीच्या अगदी काठाला. मी मूळचा खानापूरकडच्या रानातला, जिथं पावसाळ्यात चार महिने कुणाला कोरडा टॉवेल मिळत नाही. वडील गेले, नववीतनं माझी शाळा सुटली, आणि एक पिशवी घेऊन मी आक्काच्या दारात येऊन उभा राहिलो. मामांनी मला नाव विचारलं नाही, शाळा का सोडलीस म्हणून विचारलं नाही. म्हणाले, "तुमच्याकडं पाऊस लागला का रं?" लागला, असं मी घाबरत घाबरत सांगितलं. "मग बस की," म्हणाले. खानापूरच्या पावसाचा दूधगंगेशी काडीचा संबंध नाही हे मला पुढं कळलं. पण पाऊस लागल्याची बातमी आणणारा माणूस त्यांच्या लेखी पाहुणाच. त्या एका "बस की"वर मी त्या घरात अकरा वर्षं बसलो. आज मस्कतमध्ये एका उंच इमारतीच्या पंपघरात नोकरीला आहे, आणि ताटात भात वाढून घेताना अजूनही मनात येतं की हा घास त्या घरनंच आलाय.

मामांचा दिवस पेपरनं सुरू होतो. पेपर म्हणजे आतल्या पानावरची बोटभर चौकट, ज्यात धरणांत किती साठा, किती पाणी आलं आणि किती सोडलं ते छापलेलं असतं. ती चौकट ते कात्रीनं कापून घेतात आणि उरलेला पेपर, म्हणजे निवडणुका, खून, क्रिकेट आणि राशिभविष्य, न वाचताच आक्काकडं स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरायला जातो. पेपरही दोन लागतात, एक मराठी आणि एक कन्नड, कारण एकाच राज्याच्या आकड्यावर विसंबून राहणं त्यांना पटत नाही. दोन्ही आकडे वेगळे आले तर ते चिडतात, आणि जुळले तर त्यांना संशय येतो की एकानं दुसऱ्याचं बघून लिहिलंय. मग फोन. वरच्या हापिसात मराठीत, खालच्या हापिसात कन्नडमध्ये, आणि दोन्हींवर राग आला की हिंदीत. एकदा नदी किती आटलीय ते सांगताना त्यांनी साहेबाला सुनावलं की हमारे नदी में से अभी कुत्रा पाय भिजाए बिना जा रहा है. साहेबानं गंभीरपणे विचारलं की कुत्रं कुणाचं आहे आणि तक्रार काय आहे. मामांनी फोन खाली ठेवला आणि त्या दिवशी दुसरा फोन लावला नाही.

त्यांच्या आठवणींना तारीख वार नसतात, पाण्याचं ठिकाण असतं. थोरला नातू झाला तेव्हा पाणी हायवेच्या पुलाखाली होतं. दाजींचा, म्हणजे आक्काच्या नवऱ्याचा, पाय मोडला तेव्हा बंधारा ओसंडत होता. मोठा भाऊ वारला तो धरणातनं पाणी सुटलं त्याच दिवशी, आणि त्याबद्दल भावाला त्यांनी आजतागायत माफ केलेलं नाही, एक दिवस थांबला असता तर रक्षाविसर्जन वाहत्या पाण्यात झालं असतं म्हणून. आत्ती, म्हणजे आक्काच्या सासूबाई, हे सगळं चाळीस वर्षं ऐकत आल्यात. त्या जात्याच कमी बोलणाऱ्या, पण पाहुण्यांपुढं हमखास सांगायच्या, "मला हार घालताना बी ह्यांचं तोंड नदीकडं हुतं." मामा त्यावर लाजायचे नाहीत. उलट सांगायचे की त्या दिवशी खरोखरच पाणी चढत होतं.

नदीवर गावाचा कोल्हापुरी बंधारा आहे. त्याच्या खांबांना खाचा असतात आणि त्या खाचांत लोखंडी फळ्या एकावर एक सरकवायच्या. त्यांना बरगे म्हणतात. पावसाळा सरला की बरगे घालायचे, पाणी अडतं. काढले की पुढच्या गावाला जातं. एवढीच ती यंत्रणा, पण मामांना ती पोटच्या पोरांसारखी. प्रत्येक बरग्याला त्यांनी ऑइलपेंटनं नंबर घातलाय. एका वर्षी एक बरगा कमी भरला. मामा गावातनं फिरत निघाले आणि एका भाऊबंदाच्या दारात तो बरगा दोन दगडांवर टाकून बाकडं केलेला त्यांना दिसला. त्यांनी भांडण काढलं नाही. राम राम केला आणि त्या बाकड्यावर बसले. चहा आला, प्याले. जेवणाची वेळ झाली, ताट आलं, जेवले. दुपारी तिथंच पाय वर घेऊन पडले. संध्याकाळी घरधन्याला राहवेना, त्यानं विचारलं की मामा, काही काम होतं का. "माजं काय काम असनार," मामा म्हणाले, "बरग्याला सोबत म्हणून बसलोय. त्यो एकटा कवा ऱ्हायला न्हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी बरगा बंधाऱ्यावर होता, धुऊन पुसून.

पण मामांची खरी कीर्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची. उन्हाळ्यात नदी कोरडी पडते आणि वरच्या धरणातनं ठरलेल्या पाळीनं पाणी सोडतात. ते कोरड्या पात्रातनं गावोगाव करत आमच्यापर्यंत यायला काही दिवस लागतात. तरुणपणी मामा सायकल घेऊन धरणापाशी जायचे आणि पाण्याच्या तोंडाबरोबर काठाकाठानं परत यायचे. पाणी थांबलं की थांबायचे, चाललं की निघायचे, भाकरी कुठल्या तरी गावात, झोप कुठल्या तरी देवळात. असं पाच-सहा उन्हाळे केल्यावर कुठल्या वळणाला पाणी किती वेळ घोटाळतं, कुठल्या डोहात किती मुरतं, हे सगळं त्यांना पाढ्यासारखं पाठ झालं. त्यानंतर सायकल माळ्यावर गेली. धरणातनं पाणी सुटल्याचा फोन आला की मामा डोळे मिटून ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे आणि जाहीर करायचे: चौथ्या दिवशी, दुपारच्या चहाला. आणि चौथ्या दिवशी कपात चहा ओतला जायचा तेव्हा बंधाऱ्याकडनं पोरांचा ओरडा ऐकू यायचा. लोक त्यांच्या शब्दावर पंपाच्या मोटारी नदीत उतरवायचे. त्या मोटारी जळल्या की वायंडिंग भरून द्यायला गावात एक दुकान होतं, आणि त्या दुकानात मला कामाला लावलं ते मामांनीच. मालकाला म्हणाले होते, "पोरगं भित्रं हाय, म्हणजे करंटला हात घालायच्या आदी दोनदा बगंल. ठेवून घे." माझ्या भित्रेपणाचा असा उपयोग कुणाला सुचला नव्हता. तेच दुकान पुढं मी चालवलं आणि त्याच कामावर मला मस्कतची नोकरी लागली.

नोकरी ठरली तसं आक्कानं लग्नाचं मनावर घेतलं. जायचा दिवस ठरलेला, एकदा गेलो की दोन वर्षं सुट्टी नाही, तेव्हा आधी लग्न उरकायचं. मामा मुली बघायला यायचे, पण मुलीकडं कमी आणि गावच्या बंधाऱ्याकडं जास्त बघायचे. एक चांगलं स्थळ त्यांनी निव्वळ एवढ्यावर मोडलं की त्या गावाच्या बरग्यांच्या फटीतनं पाणी गळत होतं. ज्यांना चिखल आणि पेंढा कोंबून फट बुजवता येत नाही ते संसार काय करणार, असं त्यांचं म्हणणं. मग आम्ही सुमनच्या गावाला गेलो. ते नदीच्या खालच्या अंगाला, अगदी टोकाला. सुमन पोह्यांची ताटली घेऊन आली. मामांनी तिला शिक्षण, स्वयंपाक काही न विचारता विचारलं, "तुमच्याकडं पाणी कवा येतं गं?"

"तुमच्या गावानं बरगे काढले की," ती म्हणाली, आणि ताटली त्यांच्यापुढं ठेवून आत गेली.

तिच्या वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, चेहरा उतरला. मामा मात्र खूश होऊन मांडीवर थापा मारत होते. इतकं नेमकं उत्तर त्यांना कुठल्या साहेबानं दिलं नव्हतं. लग्न तिथंच ठरलं. मला मुलगी पसंत आहे का हे कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते घरी आल्यावर आठवलं. पसंत होती.

लग्न आमच्या दारात करायचं ठरलं. मामा म्हणाले, पोराला बाप नाही, तेव्हा मांडव माझ्या दारात. मी माडीवर जाऊन थोडा वेळ बसून राहिलो. भटजींनी वैशाखातले तीन मुहूर्त काढून दिले. मामांनी पंचांग बाजूला सारलं, हापिसात फोन लावला, डोळे मिटले आणि पुटपुटून झाल्यावर मधला मुहूर्त पक्का केला. पाणी सुटणार अमुक दिवशी, चौथ्या दिवशी दुपारच्या चहाला बंधाऱ्याला लागणार, पाचव्या दिवशी हळद, सहाव्या दिवशी अक्षता. दोन गावांच्या पंगती, आचाऱ्यांची भांडी, माणसांच्या आंघोळी, सगळं नदीच्या पाण्यावर. मुहूर्त काढताना पाण्याला विचारणारा असा यजमान भटजींनी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "आणि नाही आलं पाणी तर?" दाजींनी हळूच टँकरचा विषय काढला. त्या घरात टँकर हा शब्द उच्चारायचा नसतो. नदीकाठच्या घरानं टँकर आणायचा म्हणजे सुगरणीनं शेजारनं भाकरी मागून आणण्यासारखं, असं मामा मानतात. तिसरा मुहूर्त माझं विमान गेल्यानंतरचा होता. म्हणजे लग्न या दिवशी झालं तर झालं, नाहीतर दोन वर्षं लांबलं, आणि दोन वर्षं कुणी मुलगी थांबवून ठेवत नाही. मी चोवीस तास बोटांवर दिवस मोजत होतो. मामांना फिकीर नव्हती. ते आचाऱ्याशी जिलेबी की बुंदी यावर वाद घालत होते.

चौथ्या दिवशी दुपारी चहा झाला. पुन्हा एकदा झाला. मी पाच वेळा बंधाऱ्यावर जाऊन आलो. पात्रात वाळलेलं शेवाळ, एक फाटकी चप्पल आणि उन्हात चमकणारे दगड, एवढंच. गावातली माणसं काहीतरी निमित्त काढून मांडवात येत होती आणि मामांच्या तोंडाकडं बघून जात होती. कुणी विचारत नव्हतं, हेच वाईट. संध्याकाळी मामा बंधाऱ्याच्या खांबाला टेकून बसले ते उठेनात. हापिसात फोन केला तर पाणी वेळेवर सुटलंय म्हणून सांगितलं. मग त्यांनी ठरवून टाकलं की वरच्या गावानं बरगे काढले नसणार, पाणी तिथं दाबून धरलं असणार. पाचव्या दिवशी सकाळी, अंगाला हळद लागायच्या आधी, मी त्यांना मोटरसायकलवर मागं बसवून वर निघालो. आत्तींनी नवरदेवानं असं बाहेर पडू नये म्हणत माझ्या खिशात लिंबू घातलं. वाटभर मामा माझ्या कानाशी, वरच्या गावाला काय काय सुनवायचं त्याची तालीम करत होते. त्यात त्या गावाच्या तीन पिढ्या आल्या होत्या.

वरच्या बंधाऱ्यावर पोचलो तर बरगे काढून काठावर नीट रचून ठेवलेले. राखणीला बसलेला म्हातारा तंबाखू मळत होता. आम्हाला बघून म्हणाला, "या मामा. आमी कवाच काढल्यात. आमी बी तुमच्याच भरवशावर बसलोय की, पानी कवा येनार त्ये सांगा." मामांची सगळी तालीम वाया गेली. तरीही ओठावर आलेलं थोडं फार त्यांनी बोलून घेतलंच, बरगे नीट रचले नाहीत यावरनं, आणि मग त्याच्याकडची चिमूटभर तंबाखू घेतली. आम्ही आणखी वर निघालो.

दोनेक कोस गेल्यावर पाणी भेटलं. मी गावात इतकी वर्षं काढली, पण कोरड्या पात्रात येणाऱ्या पाण्याचं तोंड इतक्या जवळनं तेव्हाच पाहिलं. पुढं मळकट फेस, त्यात काटक्या, पालापाचोळा, प्लास्टिकच्या बाटल्या, आणि जीव वाचवत पळणाऱ्या मुंग्या. चांगलं माणसाच्या चालीनं येत होतं आणि आमच्या डोळ्यांदेखत थांबलं. थांबलं म्हणजे खाली गेलं. समोर पात्रात एक खड्डा होता, त्यात आमचं अख्खं घर मांडवासकट बसलं असतं. पाणी कडेनं आत पडत होतं, गोल गोल फिरत होतं, आणि खड्डा काही भरत नव्हता. मामांनी हातातली काठी आत धरून बघितली, काठी पुरली नाही. मोठा बांबू शोधल्यासारखं त्यांनी इकडं तिकडं बघितलं, आणि मग ते काठावरच बसले.

"हे कुनी केलं?"

वाळूवाल्यांनी, मी सांगितलं. चार-पाच वर्षं झाली, ट्रॅक्टर उतरतात, आणि यंदा तर फारच.

"तुला कसं ठाऊक?"

आता मला पळून जावंसं वाटत होतं. ज्या घरानं मला पोसलं त्या घराला मी हे इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. भ्यालो होतो, आणि दुकानात आलेलं काम परत पाठवायला माझी जीभ उचलली नव्हती. "खड्ड्यातलं पाणी उपसायच्या त्यांच्या मोटारी जळल्या, की माझ्याकडंच यायच्या, मामा. मीच भरून दिल्यात," म्हटलं आणि मान खाली घातली. आता हे म्हणणार, पिशवी उचल. म्हणायला हवंच होतं.

मामांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "किती मोटारी?"

"सात-आठ."

"पाच एचपीच्या का साडेसाताच्या?"

"निम्म्या निम्म्या."

"आनी किती दिवसांनी जळायच्या?"

मी सांगत गेलो आणि ते बोटांची पेरं मोजत गेले. एवढ्या ताकदीची मोटार, एवढे तास चालली तर जळते, म्हणजे एवढं पाणी उपसलं, म्हणजे एवढा मोठा खड्डा, आणि मोटारी इतक्या म्हणजे खड्डे इतके. ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती तिचा त्यांनी माझ्यासमोर हिशोब मांडला आणि त्यातनं नदी नव्यानं मोजली. "अशे आनी तीन हायत खाली," ते म्हणाले. आम्ही येताना रस्त्यानं आलो होतो म्हणून दिसले नव्हते. परत जाताना काठानं गेलो तर तीनच निघाले. प्रत्येक ठिकाणी मामा उतरायचे, काठी आत धरायचे, परत मागं बसायचे. तिसऱ्या खड्ड्यापाशी म्हणाले, "तीस वर्सं झाली, मी वर आलोच न्हाय रं. बंदाऱ्यावर बसून डोळं मिटून सांगत ऱ्हायलो." आणि मग, कसलाही आवाज न चढवता, "लगनाच्या दुसऱ्या दिशी येतंय पानी. टँकर सांग."

त्या घरातला तो शब्द त्यांच्या तोंडनं ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला रडू येत होतं. मी तिथनंच टँकरवाल्यांना फोन लावले. वैशाखातला मुहूर्त, सगळीकडं लग्नं, सगळे टँकर गुंतलेले. एकजण म्हणाला, उद्या दुपारी तीननंतर बघतो. अक्षता साडेअकराच्या. मामांनी माझ्या हातातनं फोन घेतला आणि म्हणाले, आप्पांना लाव.

मुलीच्या बापाला मुलाकडच्यांनी आदल्या दिवशी असा फोन करायचा म्हणजे काय, ते मला कळत होतं. मामा काठी जमिनीत रोवून उभे राहिले. "आप्पा," ते म्हणाले, "पानी न्हाय पोचत. पान्याची चूक न्हाय, माजी हाय. तुमची मान्सं आली तर हातपाय धुवाय बी पानी नसनार. आता लगीन करायचं का न्हाय त्ये तुमी सांगा." मी कान फोनला लावून उभा होतो. पलीकडनं आप्पांचा आवाज, लग्नघरातल्या गडबडीतला, दम लागलेला.

"अवो मामा, आमी तुमच्या भरवशावर कवा हुतो? टोकाची मान्सं आमी. लगनाला निघताना आमच्यात पयलं पान्याची पिंपं टेम्पोत चढत्यात, मग वऱ्हाड. भरून झाल्यात बी."

मामांनी फोन माझ्याकडं दिला आणि पाठ फिरवून त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. घाम फार आला होता, असं त्यांनी मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आलं. पुढं पिंपांचा टेम्पो, मागं माणसांचा. नदीचं पाणी कधी वेळेवर आलंच नाही म्हणून त्या गावानं आपल्या विहिरीचा गाळ दरवर्षी काढला होता, आणि हे पाणी त्या विहिरीचं. पिंपांवर ओली गोणपाटं घट्ट बांधलेली, एक थेंब सांडला नव्हता. आता पाहुण्यांना यजमानानं पायावर पाणी घालायचं असतं. इथं पाहुणेच पाणी घेऊन आलेले. मामा क्षणभर गोंधळले, मग आत्तींच्या हातातलं हळदीकुंकवाचं ताट घेऊन ते आधी टेम्पोपाशी गेले आणि पहिल्या पिंपाला हळदकुंकू लावलं, नवरीच्या आधी. सुमन हे टेम्पोच्या खिडकीतनं बघत होती आणि हसू दाबत होती. पुढं सगळा दिवस मामा लग्नात नव्हतेच, पिंपांपाशी होते. हातात लोटी घेऊन प्रत्येकाच्या हातावर मोजकं पाणी घालत होते आणि जो रेंगाळेल त्याला "हात धू, आंगोळ नगं" म्हणून पुढं ढकलत होते. अक्षतांच्या वेळी दाजींनी त्यांना ओढून आणलं. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तेव्हा म्हणाले, "आटप, तकडं कुनीतरी तांब्या बुडवंल." पंगती उठल्या तेव्हा तीन पिंपं शिल्लक होती. ती त्यांनी आप्पांना परत नेऊ दिली नाहीत, आणि वापरूही दिली नाहीत.

त्यांच्या नव्या हिशोबाप्रमाणे पाणी दुसऱ्या दिवशी आलं. सगळा गाव बरगे घालायला बंधाऱ्यावर जमला. मामा म्हणाले, आज घालायचे नाहीत. आधी टोकाला जाऊ दे. माणसं कुरकुरली, दोघातिघांनी मोठ्यानं विचारलं की सोयरीक तुमची आणि तहान आमची का. मामा खांबापाशी आडवे उभे राहिले. खालच्या गावात पाणी पोचल्याचा सुमनच्या आईचा फोन येईपर्यंत ते कुणाला बरग्याला हात लावू देईनात. आम्ही दोघं नवरा-बायको काठावर उभी होतो. आठ दिवसांनी मी निघालो. मामा एसटी स्टँडवर आले होते, माझी पिशवी त्यांनीच वर चढवली.

त्याला आता चार वर्षं झाली. एकदा सुट्टीवर जाऊन आलो, तेवढंच. सुमन आक्काबरोबर त्याच घरात राहते. मामा आता चौथा दिवस, चहा, असं काही जाहीर करत नाहीत. पाणी सुटायच्या आठवडाभर आधी नदीनं वर चालत जातात, गुडघा दुखतो म्हणून सुमनला बरोबर घेतात. ती वहीत लिहिते, ते काठी आत धरतात. खड्डे वाढतच आहेत. एका खड्ड्यापाशी वाळूवाल्यांशी त्यांची बाचाबाची झाली, असं तिनं मला सांगितलं, आणि मला तीन दिवस काम सुचलं नाही. इथून मी काय करणार. रोज फोन करतो, एवढंच. फोन सुमन उचलते, आक्का बोलते, आत्ती माझ्या खोकल्याची चौकशी करतात. मामा फोनवर कधी येत नसत.

गेल्या आठवड्यात आले. सुमनच्या हातनं फोन घेतला आणि थेट विचारलं, "तिकडं पानी कुठनं येतं रं?"

समुद्राचं येतं, मी सांगितलं. खारटपणा काढून टाकतात आणि नळाला सोडतात.

"बारा म्हैने?"

"बारा महिने, मामा."

"कमी-जास्त?"

"न्हाय. सारखंच."

मी पंपघरात उभा होतो, सगळे पंप एका आवाजात चालू होते, काटे जिथल्या तिथं.

"मग तिथली मान्सं उन्हाळ्यात करत्यात तरी काय?"

"घरी फोन करत्यात, मामा," मी म्हटलं.

"हं," म्हणाले, आणि फोन सुमनकडं दिला.